कोबीच्या पानावरील पांढरा कोश

कोबीचे पान उलटून पाहिले, म्हणजे कधीकधी त्यावर तांदळाच्या दाण्याहून लहान असा पांढरा, रेशमी कोश चिकटलेला आढळतो. कीड समजून शेतकरी तो चिरडतो, आणि येथेच त्याची फसगत होते.

कोबीचा खरा वैरी म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची सेंटिमीटरभर लांबीची हिरवट अळी पानांची चाळण करते. स्पर्श होताच वळवळते आणि धाग्याला लोंबकळत निसटते. औषधांच्या तावडीतूनही ती अशीच निसटली आहे. १९५३ साली जावा बेटावरील लेम्बांग येथे डी.डी.टी. तिच्यापुढे निष्प्रभ ठरल्याची नोंद झाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेल्या कीटकनाशकासही ती दाद देईनाशी झाल्याचे १९९० मध्ये हवाई बेटांवर दिसून आले.

विषाला न जुमानणारी ही अळी गांधीलमाशीच्या गोतातील, सहज नजरेत न भरणाऱ्या एका काळ्या कीटकापुढे मात्र हरते. कोटेशिया हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याची मादी अळीच्या अंगात अंडे घालते. आतला जीव अळीच्या देहावर पोसतो, आणि पुरता वाढला की बाहेर पडून तो पांढरा कोश विणतो. पतंगाचा स्वतःचा कोश विरळ जाळीचा असतो, आतील जीव त्यातून दिसतो. हा घट्ट विणीचा. अळी विषाला सरावते, पण तिचा हा शत्रू बिचारा त्याच फवाऱ्याने मरतो.

म्हणूनच बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने मोहरीचा उपाय सुचविला. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. एक कोबीच्या लागवडीपूर्वी १५ दिवस, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावयाची. पतंग मोहरीकडे ओढले जाऊन तेथेच अंडी घालतात. औषध फवारावयाचे ते मुख्यतः त्या ओळींवर. कोबीवरचे पांढरे कोश तेवढे सुखरूप राहतात.