पगडी पाहून शिक्का मारू नका!

परवा तलासरीजवळ महामार्गावरील एका ढाब्यावर आम्ही चहा घेत होतो. एक वयस्क शीख ट्रकचालक हात धुवायला उठले, तोच शेजारच्या टेबलावरून एक तरुण हसत म्हणाला, "खलिस्तानी!" सरदारजींनी पगडी सारखी केली आणि मुकाट्याने ट्रक गाठला. तो तरुण आपल्याच वस्तीतला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

तलासरी महाराष्ट्रात कशी राहिली, हे त्याला ठाऊक नसावे. १ मे १९६० रोजी भाषिक राज्ये झाली, तेव्हा जुना उंबरगाव तालुका विभागला गेला. उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरीचा भाग इकडे राहिला. पंजाबी भाषिकांना मात्र १ नोव्हेंबर १९६६ पर्यंत थांबावे लागले, कारण त्यांच्या भाषेच्या मागणीकडे धर्माची मागणी म्हणून संशयाने पाहिले गेले. राज्य मिळाले तरी चंदीगड आणि नद्यांच्या पाण्याचा तंटा उरलाच.

दुसरे गाऱ्हाणे तर आपलेही आहे. घटनेच्या कलम २५ मधील स्पष्टीकरणात हिंदू संस्थांच्या तरतुदीपुरते शीख, जैन व बौद्ध 'हिंदू' या शब्दात धरले आहेत. हेतू देवळे सर्वांना खुली करण्याचा, पण स्वतंत्र धर्माची ओळख पुसल्याची बोच राहिली. १९८४ मध्ये अकाली नेत्यांनी या कलमाच्या प्रती जाळल्या. घटनेचे पान जाळणे आम्हांला मान्य नाही. ती बोच मात्र आम्ही ओळखतो.

त्याच वर्षी जूनमध्ये सशस्त्र अतिरेक्यांना हुसकावण्यासाठी सुवर्णमंदिरात लष्कर शिरले. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची त्यांच्याच शीख अंगरक्षकांनी हत्या केली. त्यानंतर एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्यानुसारच, २,७३३ शीख मारले गेले. न्याय मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला.

ही जखम परदेशी गेलेल्या शिखांनीही सोबत नेली. काहींनी तिचा सूड निरपराधांवर उगवला. २३ जून १९८५ रोजी कॅनडातून निघालेले एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान बॉम्बने उडवले, ३२९ जीव गेले. १९८६ मध्ये पुण्यात माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली. जून २०२३ मध्ये कॅनडात हरदीपसिंग निज्जर मारले गेले आणि त्यावरून दोन देशांचे संबंध बिघडले. या साऱ्याचा त्या ट्रकचालकाशी काय संबंध?

बाबासाहेब १९३६ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या शीख परिषदेत गेले होते. धर्मांतराचा विचार चालू असताना त्यांनी शीख धर्म जवळून पाहिला. ज्यांच्या दाराशी ते गेले, त्यांना आपण ढाब्यावर हिणवायचे?

बंदूक धरणाऱ्याचा गुन्हा त्याचाच. एकाच्या नावाने साऱ्या वस्तीला धरणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला हवे काय? पालकांनो, एवढे घरी मुलांना सांगा. आम्ही त्या तरुणाला हेच सांगितले. तो गप्प झाला. पुन्हा भेटले तर त्याने सरदारजींना 'सत श्री अकाल' म्हणावे, एवढीच अपेक्षा.