वीटभट्टीवरची मुले आणि आपली सेवा

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या मार्गाला लागली म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके पाठोपाठ येतात. या शहरांतून परोपकारी मंडळींची वाण नाही. जून उजाडला की वह्यांचे गठ्ठे घेऊन जवळच्या कातकरवाड्यांवर जाणारे सद्‌गृहस्थ व भगिनी दिसू लागतात. वाटप होते, छायाचित्र निघते (ते मात्र चुकत नाही), आणि मंडळी सायंकाळच्या गाडीने परततात. या दानाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यांतील पुष्कळ वह्या दिवाळीनंतर कोऱ्या का राहतात, याचा विचार दात्याने एकदा तरी करावा.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. वनांचे कायदे कडक झाले, तसा हा धंदा बुडाला. जमीन बहुतेकांपाशी नव्हतीच. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, आजारपण असते, लग्न निघते. अशा वेळी भट्टीवाल्याकडून उचल घ्यावी लागते आणि दिवाळी सरताच ती फेडण्यासाठी सबंध कुटुंब भट्टीवर जाऊन राहते. मजुरी माणसागणिक मिळत नाही, हजार विटांमागे मिळते. म्हणून बाप गारा तुडवतो, आई साच्यातून विटा पाडते आणि आठ वर्षांचे मूल ओल्या विटा उन्हात उलटवते. त्या चिमुकल्या हातांनी हिशेबात भर पडते, आणि उचल तेवढी लवकर फिटते. मुलाला शाळेत धाडा असे आपण बापाला सांगतो, तेव्हा वस्तुतः त्याच्या मजुरीचा एक भाग आपण मागत असतो. हे ध्यानात न घेता केलेला उपदेश त्याला पटत नाही, यात त्याचा दोष नाही.

कायदे मुलाच्या बाजूचे आहेत. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क २०१० पासून अमलात आला. परंतु भट्टी गावच्या शाळेपासून दूर, आणि शाळा काही मुलामागून चालत जात नाही. ती चालत न्यावी, हा प्रयोग विवेक पंडित यांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ठाणे जिल्ह्यात केला. भट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या खोपटाला भोंगा म्हणतात; त्यावरून या शाळांना ‘भोंगाशाळा’ हे नाव पडले. मुले कामावर असतात तेथेच वर्ग भरवावयाचा, हे त्यातले मर्म.

उल्हासनगरकरांना तरी हे नवे वाटू नये. १९४७ नंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, आणि त्याच छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. त्याच वर्षी सिंधमधून आलेल्या शिक्षणप्रेमी मंडळींनी हैदराबादचे आपले नॅशनल कॉलेज वांद्रे येथे पुन्हा उभे केले. घर गेले तरी शाळा मागे ठेवावयाची नाही, ही जिद्द त्यात होती. फरक इतकाच की, निर्वासिताचे घर एकदा सुटले; कातकऱ्याचे दरवर्षी सुटते.

मग स्वयंसेवकाने करावयाचे काय? माझ्या मते, एका दिवसाच्या वाटपापेक्षा एका हंगामाची हजेरी अधिक मोलाची. आठवड्यातून ठरलेल्या दोन संध्याकाळी भट्टीवर जावे. मूल घरी कातकरी बोली बोलते, म्हणून पुस्तकाच्या मराठीची घाई करू नये. विटांचा हिशेब मुलांकडून लिहवून घ्यावा. त्यात बेरीज-गुणाकारही येतात, आणि उचलीतून किती फिटले हे बापालाही कळते. खरे अवघड काम पावसाळ्यातले आहे. त्या चार महिन्यांत बचत गटाकडून थोडे धान्य व अल्प कर्ज मिळाले, तर उचल कमी घ्यावी लागते. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्येच केला. परंतु कामाची मागणी लेखी नोंदवावी लागते, आणि तो अर्ज भरून देणारा साक्षर माणूस वाडीवर क्वचितच असतो. तेथे आपले बसणे उपयोगी पडते.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी पत्रक काढले आहे. वाडी सोडण्यापूर्वी ते गावच्या शाळेतून घेऊन भट्टीजवळच्या शाळेत दाखवावे लागते, म्हणजे दाखल्यावाचून प्रवेश मिळतो. हे पत्रक दिवाळीच्या आधी मागावयास हवे. एकदा टेम्पो निघाला की मास्तर आणि मूल यांची गाठ पुढच्या जूनपर्यंत पडत नाही.