कोंबड्या गेल्या, माती राहिली

इंदूरशेजारच्या राऊजवळ माझ्या आत्याचं घर आहे. मागच्या अंगणात जाळी ठोकून केलेलं खुराडं होतं, त्यात आठ वर्षं दहा-बारा कोंबड्या नांदल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या आणि जाळीच्या आत साधारण अर्ध्या गुंठ्याची मोकळी, काळीभोर जागा उरली. इतकं कोंबडखत आयतं मुरलंय म्हटल्यावर आम्ही माघातच टोमॅटो आणि मिरचीची रोपं लावून टाकली. मिरचीच्या पानांच्या कडा आठवड्याभरात करपल्या. टोमॅटो मात्र छातीपर्यंत वाढला, पानं अशी गर्द हिरवी की नजर लागावी, पण फूल धरेना.

माती कसदार होती यात शंका नाही. पण तिचं पोट गच्च भरलेलं होतं.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम ओली विष्ठा टाकते. दहा कोंबड्यांची वर्षाला साडेतीनशे किलोंच्या वर होते, आठ वर्षांत तीन टनांच्या आसपास. ताज्या विष्ठेत एक-सव्वा टक्का नत्र धरलं तरी 30 ते 35 किलो नत्र त्या एवढ्याशा जागेत पडलं. युरियाच्या 45 किलोंच्या पोत्यात नत्र असतं 21 किलोंच्या आत. म्हणजे दीड पोतं युरिया अर्ध्या गुंठ्यात. त्यातला मोठा भाग हवेत उडून गेला हे खरं, पण स्फुरद उडत नाही. ते मातीला चिकटून साचत राहतं. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचा कल मुळातच अल्कधर्मी, त्यात स्फुरद अति झालं की पिकाला जस्त आणि लोह उचलणं जड जातं.

पक्ष्यांना आपल्यासारखी वेगळी लघवी नसते. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो ते युरिक आम्ल. मातीतले जिवाणू त्याचा आधी युरिया करतात, मग अमोनिया. पहिल्या पावसात खुराड्यातून नाकात जातो तो हाच. अल्कधर्मी मातीत तो जास्त सुटतो, म्हणून अशा जागेत चुना किंवा चुलीतली राख टाकणं म्हणजे आगीत तेल. उरलेल्या अमोनियाचं दुसऱ्या जातीचे जिवाणू सावकाश नायट्रेट करतात, आणि ते मुळांना चालतं. आम्ही मिरची लावली तेव्हा हे काम अर्ध्यावर होतं. शिवाय खाद्यातलं मीठही विष्ठेतून मातीत उतरलेलं. कोवळ्या मुळांना ते सोसत नाही.

आता या भरल्या पोटाला काय द्यायचं? याचं उत्तर इंदुरातच लिहून ठेवलेलं आहे, आणि ते आपल्या शहराला पुरेसं ठाऊक नाही याची मला खरंच खंत वाटते.

1924 साली होळकर दरबाराने दिलेल्या 300 एकरांवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय ते हेच. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांच्यापासून तीन महिन्यांत खत करण्याची रीत तिथे बसवली गेली. जगभर ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. 1931 साली त्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचं नाव आहे. संस्थेतल्या रसायन विभागाचे ते मुख्य साहाय्यक. वाड हे आडनाव मराठी वाचकाला परकं नाही, पण हा माणूस आपल्या स्मरणातून गेला. 1935 साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनीही हे काम जाऊन पाहिलं.

या रीतीचं मर्म कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणात आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण 30 भाग कर्ब लागतो. कोंबडीच्या विष्ठेत हे प्रमाण जेमतेम दहाला एक. कर्ब कमी पडला की जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं. उलट गव्हाच्या काडात कर्ब नत्राच्या 80 पट किंवा त्याहूनही जास्त. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या तर इतक्या टणक की हॉवर्ड त्या शेतरस्त्यावर पसरायला लावत, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होई. खुराड्यात नत्र पडून आहे आणि आसपासच्या शेतांत काड जाळलं जातंय, हे पाहिलं की जीव तुटतो.

आम्ही जेठात वरचा चार बोटं थर कुदळीने खरवडला. तो ढेकळासारखा निघाला, आत पांढरे कण आणि पिसांची देठं. एक घमेलं खरवड, तीन घमेली सोयाबीनचं कुटार आणि गव्हाचं काड, वर पाणी, असे थर लावत कमरेइतका ढीग केला. खड्डा मुद्दाम केला नाही. इंदूर पद्धतीतही पावसाळ्यात ढीग जमिनीच्या वरच लावत, कारण खड्ड्यात पाणी भरलं की हवा संपते आणि कुजण्याचं सडणं होतं. तिसऱ्या दिवशी आत्याने ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवली. दहा मिनिटांनी ओढून मला म्हणाली, “धर बघू.” धरवली नाही. ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो, आणि साल्मोनेलासारखे रोगजंतू त्या उष्णतेतच मरतात. बाहेरची बाजू मात्र गारच राहते, म्हणून ढीग परतायचा. आम्ही तीनदा परतला.

खालच्या जमिनीवर काडाचं आच्छादन घातलं आणि तिला सबंध पावसाळा सोडून दिलं. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत किंवा कोंबडखत घातल्यापासून काढणीपर्यंत 90 दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि पिकाचा खाण्याचा भाग मातीला टेकत असेल तर 120. कोथिंबीर, पालक, मुळा या दुसऱ्या प्रकारात येतात. आपला पावसाळा ही मुदत आपसूक भरून काढतो, वर क्षारही धुऊन नेतो.

दसऱ्यानंतर आत्याने पाच कुंड्यांत जाळीच्या आतली पाच ठिकाणची माती भरली आणि मेथीदाणे टाकले. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही. चार कुंड्यांत चौथ्या दिवशी सरळ, हिरवे कोंब आले. पाचवीतले निम्मे दाणे रुजलेच नाहीत, जे आले त्यांची टोकं तपकिरी. ती माती दांडीखालची होती, जिथे कोंबड्या रात्री बसत.

चार वाफ्यांत आता कोबी आणि दुधी आहे, दोघंही खादाड. मटार, चवळी लावली नाही. त्या आपलं नत्र हवेतून घेतात, इथे त्यांचं काम नाही. दांडीखालच्या जागेत मका पेरलाय. कणसं आली तर येवोत, नाही तर नाही. धाटं कापून नव्या ढिगात जायची आहेत, आणि पाचवी कुंडी पुढच्या दसऱ्याला पुन्हा भरायची आहे.