पेट्रोल वाचतं ते उजव्या पायाने

महिनाअखेरीस घरखर्चाचा हिशेब मांडताना किराणा, दूध, विजेचं बिल यात कुठे चार पैसे वाचतील, याचा आपण बारकाईने विचार करतो. पेट्रोलचा आकडा मात्र मुकाट्याने लिहून मोकळे होतो. मुंबईत मे २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. भाव आपल्या हातात नाही, हे खरं. पण एका लिटरमध्ये गाडी किती धावेल, हे बरंचसं चालवणाऱ्याच्या पायावर अवलंबून असतं.

एक साधा हिशेब पाहा. गाडी महिन्याला ८०० किलोमीटर चालते आणि लिटरला १५ चं ॲव्हरेज देते, असं समजू. म्हणजे सुमारे ५३ लिटर पेट्रोल लागलं. तेच ॲव्हरेज १७ झालं तर ४७ लिटरमध्ये भागतं. शंभर रुपये भाव धरला, तरी वर्षाकाठी सात हजारांहून अधिक रुपये वाचले!

सिग्नलपर्यंतची शर्यत

शहरात सर्वात महाग पडतो तो ब्रेक. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेक दाबताच उष्णता होऊन वाया जातो. शंभर पावलांवर लाल दिवा दिसत असताना जोरात जाऊन करकचून थांबण्यात काय मिळतं? दिवा दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडी आपोआप मंदावेल आणि पुष्कळदा थांबण्याआधीच दिवा हिरवाही होईल. दुचाकीवर हेच काम उजव्या मुठीचं.

उभ्या गाडीचं इंजिनही तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं. एसी चालू असेल तर त्याहून जास्त. म्हणून तर दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये लाल दिवा लागताच इंजिन बंद करण्याची मोहीम काढली होती. शाळेच्या फाटकाबाहेर मुलांची वाट पाहत इंजिन चालू ठेवणाऱ्या पालकांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

घाटातला न्यूट्रल

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि पेट्रोल वाचवायचं, ही युक्ती अनेक घरांत वडिलांकडून मुलाकडे आली आहे. कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळात तिच्यात थोडंफार तथ्य होतंही. आजच्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत हिशेब नेमका उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिनाचा पेट्रोलपुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू राहण्यासाठी पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बचत नाहीच, उलट खर्च!

आणि धोका तर जिवावरचा. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो. लांबच्या उतारावर ते तापतात आणि ऐनवेळी दगा देतात. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकांमुळे अनेक अपघात झाले आहेत. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मग ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं आणि स्टिअरिंग जड. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम मात्र आजही अगदी योग्य आहे.

महामार्गावर खरी शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देते. द्रुतगती मार्गावर तो प्रत्येक वेळी पाळणं शक्य नाही, पण १०० ऐवजी ८० ने गेलं तरी फरक कळतो. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. किती हवा भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दारापाशी लिहिलेला असतो.

बचत होते की नाही, हे डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा वहीतल्या आकड्यावरून पाहा. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा आणि मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागा. असं तीन-चार वेळा केलंत, की घरात कोणाचा पाय जड आहे तेही कळेल.