खाणीनंतरची भूमी



खाण बंद पडली म्हणजे जमीन मोकळी झाली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अशा 'पडीक' जागेवर वसाहत वा कारखाना उभारण्यापूर्वी तेथील पाणी, माती आणि जीवसृष्टी यांची तपासणी का व कशी करावी, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

गोव्याचे उदाहरण घेऊ. डिचोली व सांगे तालुक्यांत लोहखनिजासाठी अनेक ठिकाणी भूजलपातळीच्याही खाली खोदकाम झाले. त्यासाठी पंपाने सतत पाणी उपसावे लागे, आणि अशा उपशाने भोवतालच्या विहिरी खालावतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील खाणकाम थांबविले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. उपसा थांबताच खंदकांत पाणी साचू लागले. आता हे खंदक बुजवावेत की राखावेत?

उत्तर तपासणीतूनच मिळते. प्रथम जुने नकाशे पाहावेत व वृद्ध ग्रामस्थांना विचारावे. खाणीपूर्वी ओढा कोठून वाहत होता, ते कळते. मग पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात, असे दोनदा तरी खंदकाचे व विहिरींचे पाणी मोजावे. दोन्ही पातळ्या बरोबरीने चढत-उतरत असतील, तर त्यांचा परस्परसंबंध असण्याचा दाट संभव असतो. अशा खंदकात कचरा टाकणे म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्यात टाकणेच होय. माती राखाडी असून तीत तांबूस ठिपके असतील, काठी पाणकणीस वा लव्हाळा वाढला असेल, तर तेथे पाणी दीर्घकाळ मुरते असे समजावे. पाण्याची आम्लता, लोह व मँगनीज तपासावे. कोळशाच्या खाणीत पायराइट असल्यास हवा-पाण्याच्या संयोगाने आम्ल तयार होते. मातीचे ढिगारे कालांतराने खचतात, म्हणून त्यांवर घाईने पाया घालू नये. पक्ष्यांची नोंद मात्र सर्व ऋतूंत व्हावी. उन्हाळ्यातील एका भेटीत हिवाळी पाहुणे दिसत नाहीत.

मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक केला. २००६ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत कृत्रिम जलाशयही येतात; मात्र पिण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले वगळले आहेत. तथापि संरक्षण मिळते ते रामसर यादीतील वा अधिसूचित पाणथळींना. म्हणजे ज्याची नोंद नाही, त्याला कायद्याचे छत्र नाही. म्हणूनच शास्त्रशुद्ध नोंद हेच गावाचे पहिले साधन ठरते.

तुकईथडच्या श्रोत्यांना मी हे विशेष आग्रहाने सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची निर्मिती सतराव्या शतकाच्या आरंभी झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भुयारांतून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत नेण्यात आले. त्या योजकांनी आधी भूमी वाचली, मग बांधकाम केले. गावालगतचा मुरमाचा लहानसा खड्डा बुजवितानाही हाच क्रम पाळावा. भूमी वाचण्यास दोन ऋतू लागतात. आटलेली विहीर पुन्हा भरण्यास एक पिढीही कदाचित पुरणार नाही.