सोलापूरच्या गिरण्या आणि तारेचे कुंपण

1930 च्या मे महिन्यात सोलापुरात पुकारलेला मार्शल लॉ आणि त्यानंतर 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे शहराच्या स्मृतीत ठळकपणे कोरलेले आहेत. 1870 च्या दशकात उभी राहिलेली ‘जुनी मिल’, तिच्यामागून आलेल्या लक्ष्मी, विष्णू व नरसिंगगिरजी या गिरण्या आणि तेलंगणातून येऊन स्थायिक झालेले पद्मशाली विणकर यांचाही उल्लेख सोलापूरच्या इतिहासात सहसा चुकत नाही. याच गिरण्यांना मजूर पुरविणाऱ्या ‘सेटलमेंट’चा, म्हणजे तथाकथित गुन्हेगार जमातींसाठी सरकारने उभारलेल्या बंदिस्त वसाहतीचा, उल्लेख मात्र क्वचितच होतो.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाच्या कृत्याऐवजी त्याचा जन्मच गुन्ह्याचा पुरावा ठरविला. 1911 च्या सुधारित कायद्याने या जमातींतील लोकांची नोंदणी करण्याचे, बोटांचे ठसे घेण्याचे, त्यांना ठरावीक जागी डांबण्याचे, इतकेच नव्हे तर मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचेही अधिकार शासनाला दिले. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा समाजांतील कुटुंबे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आणली गेली. तेथे ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि बाहेर जाण्यासाठी पास, म्हणजे लेखी परवानगी, लागत असे. सुधारणेचा मार्ग म्हणून नेमून दिलेले काम बहुधा गिरणीतले होते. गिरणीमालकांना पळून न जाणारा मजूर हवा होता आणि सरकारला नजरेखाली राहणारा माणूस, त्यामुळे या सुधारणेत परोपकार किती आणि हिशेब किती, हा प्रश्न रास्तच ठरतो. चांगल्या वर्तनाची खात्री पटलेल्या कुटुंबांना कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहू दिले जाई, सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे वस्तीचे नाव आजही प्रचलित आहे.

मुंबई इलाख्यातील या वसाहतींचा कारभार पाहणारे ओ. एच. बी. स्टार्ट हेच 1928 साली दलित व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तिचे एक सदस्य होते. बंदिवासाचे व्यवस्थापन आणि उद्धाराची चौकशी एकाच अधिकाऱ्याकडे सोपविण्यात त्या काळच्या राज्यकर्त्यांना काही विसंगत वाटले नाही, असे दिसते.

गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात आज चौदा जमातींची विमुक्त जाती म्हणून नोंद आहे. परंतु जमातीऐवजी व्यक्तीवर पाळत ठेवण्याची तरतूद करणारा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा 1959 साली मुंबई राज्यात लागू झाला, आणि कुंपण निघाल्यावरही पोलिसांच्या संशयाची पहिली नजर याच वस्त्यांकडे वळत राहिली.