'नाही', 'नको', 'नये' आणि इंग्रजीतला नकार

गैरसमज : मराठीत एका 'नाही'वर भागतं, इंग्रजीतले नो, नॉट, नोबडी मात्र घोकावेच लागतात.

वस्तुस्थिती : यवतमाळच्या बाजारातलं "भाव परवडत नाही", घरातलं "मला नको", भिंतीवरच्या पाटीवरचं "येथे थुंकू नये" आणि पुस्तकातलं "हे योग्य नव्हे" हे चार वेगळे नकार आहेत. घरी वऱ्हाडीत त्यांतले दोन 'नाई' आणि 'नोको' होतात, पण निवड चुकत नाही. मराठी नकार वेगळे करते ते इच्छा, मनाई, ओळख यांवरून. इंग्रजी आधी पाहते की नकार कशाला जोडायचा आहे. नामाला 'नो', क्रियापदाला 'नॉट'. म्हणून "आय हॅव नो मनी" चालतं, "आय डू नॉट हॅव मनी"ही चालतं, पण "आय हॅव नॉट मनी" चालत नाही.

गैरसमज : दोन नकारांचा होकार होतो हा तर्काचा नियम आहे आणि मुलं तिथंच अडतात.

वस्तुस्थिती : तो प्रमाण इंग्रजीचा संकेत आहे. 14व्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर एकाच वाक्यात दोन-तीन नकार घालून नकारच ठासून सांगत असे. पुढे 18व्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांनी हा नियम रुजवला. आपल्या मुलांची खरी अडचण वेगळी आहे. "कोणी आलं नाही" यात 'कोणी' स्वतः नकारार्थी नाही आणि नकार शेवटी येतो. तीच घडण धरून मूल "एनीबडी डिड नॉट कम" लिहितं. इंग्रजीत 'एनीबडी' नकाराच्या मागून येतो. कर्ता पहिला असेल तर नकार त्याच्यातच हवा : "नोबडी केम".

गैरसमज : मराठीचा आधार घेतला की इंग्रजी बिघडतं.

वस्तुस्थिती : शब्दाला शब्द ठेवला तर बिघडतं, हा आक्षेप खरा आहे. "चहा नको" म्हणजे "आय डोन्ट वॉन्ट टी", "जाऊ नको" म्हणजे "डोन्ट गो". 'नको'ला एकच प्रतिशब्द नाही. पण अर्थाचा आधार भक्कम असतो. गोळी "घेऊ नये" म्हणजे 'मस्ट नॉट', "घ्यायची गरज नाही" म्हणजे 'नीड नॉट'. हा जिवाशी गाठ असलेला फरक मुलाला मराठीतून आधीच कळलेला असतो. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलाचं काय, असं कुणी विचारेल. त्याची कोलामी द्राविडी कुळातली, तेव्हा त्याच्यासाठी सुरुवात कोलामीतल्या नकारापासून व्हायला हवी. राज्यात 2000 पासून पहिलीतच इंग्रजी शिकवतात. इतक्या लहान वयात नियमाआधी मुलाला एवढंच विचारावं : तू नेमकं काय नाकारतो आहेस? उत्तर त्याच्या घरच्या भाषेत तयार असतं.